मूठ आवळ, मूठ आवळा

रक्त घेताना पेशंटला सांगायचं असतं ते एवढंच: मूठ आवळा. दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, मूठ घट्ट झाली की सुई आत. उपाशीपोटी टेस्ट असलेले लोक सकाळी साडेसहापासून वाट बघत बसलेले असतात, त्यामुळे हे वाक्य दिवस नीट उजाडायच्या आधीच माझ्या तोंडात बसतं. आणि दर वेळी ते म्हणायच्या आधी क्षणभर ठरवावं लागतं, 'आवळा' म्हणायचं की 'आवळ'.

मी कामठीची, वय पंचवीस. नागपुरात डीएमएलटी केलं आणि आता पुण्यात एका लॅबसाठी होम कलेक्शन करते. म्हणजे स्कूटरवर आईस बॉक्स ठेवायचा, ॲपवर पत्ता बघायचा आणि लोकांच्या घरी जाऊन सॅम्पल आणायचं. कामावर घेताना सिनिअरने नियम सांगितला होता: शाळकरी पोरं सोडली तर सगळ्यांना 'आवळा'. नियम सोपा आहे, पण मी ट्रेनिंगच्या काळात वेगळंच पाहून आले होते. एका सरकारी दवाखान्यात एकच टेक्निशियन खेड्यातून आलेल्या म्हातारीला म्हणायचा, "ए आजी, हात सरळ ठेव, हलू नको." आणि पाच मिनिटांनी इस्त्रीचा शर्ट घालून फाईल घेऊन आलेल्या माणसाला, "सर, जरा हात सरळ ठेवता का?" सुई तीच, शिरा सारख्याच. तो माणूस वाईट नव्हता. म्हातारीला चक्कर आली तेव्हा स्वतःच्या डब्यातली पोळी त्याने तिला दिली. पण देतानाही म्हणाला, "खा गं."

घरोघरी फिरण्याचा एक फायदा असा की माणसं एकमेकांना काय म्हणतात ते दारातच कळतं. माझंच बघा. कुणी आत वळून ओरडतं, "रक्तवाली आलीये." कुणी "सिस्टर, या" म्हणतं, कुणी "मॅडम", कुणी "ये गं बाळ, बस." पंचाहत्तरीच्या आजींनी 'बाळ' म्हटलेलं मला आवडतं. तिशीतल्या माणसाने मोबाइलवरून डोळे न काढता "ये, इकडे बस" म्हटलेलं आवडत नाही. दोन्हींत क्रियापद एकच आहे.

मग आतून पाणी येतं. ते आणणाऱ्या बाई बहुतेक वेळा 'मावशी' असतात. एका घरात आठ-नऊ वर्षांचा मुलगा मला म्हणाला, "दीदी, तुम्ही माझं पण ब्लड घेणार?" आणि लगेच ओट्याकडे बघून, "मावशी, माझा टिफिन कुठे ठेवलास?" मावशी पन्नाशीच्या तरी असतील. त्याला हे कुणी बसून शिकवलेलं नाही. त्याच्या आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, आम्ही त्यांना घरच्यासारखंच मानतो, मावशी म्हणतो. तिथेच तर गोम आहे. खऱ्या मावशीला आपण 'तू' म्हणतो, म्हणून कामाला येणाऱ्या बाईला 'मावशी' केलं की 'तू' म्हणायची सोय आपोआप होते. फक्त खरी मावशी आली की सोफ्यावर बसते. ऑफिसातले शिपाई 'मामा', सोसायटीचे वॉचमन 'काका', यांचंही थोडंफार तसंच. नातं लावलं की नाव विचारायची गरज उरत नाही. मला वाटतं मराठी माणूस नाती लावण्यात जितका तत्पर आहे, तितका नावं विचारण्यात नाही.

आपल्या भाषेत आदर शब्दांत कमी आणि क्रियापदाच्या शेपटीत जास्त असतो. 'कृपया' हा शब्द स्टेशनवरच्या घोषणेत आणि पार्किंगच्या पाटीवर भेटतो, 'धन्यवाद' स्टेजवर. घरात आपण 'जरा', 'ना', 'हं', 'देता का', 'बघाल का' यांवर काम भागवतो आणि ते पुरतंही. पण शेपूट मात्र चुकवता येत नाही. आई आली, बाबा आले. आजी आली, आजोबा आले. एकाच घरात, एकाच वेळी, एकाच रिक्षातून उतरलेली दोन माणसं, पण एक 'आली' आणि एक 'आले'. शाळेतल्या बाई मात्र 'आल्या', म्हणजे बाईला अनेकवचन मिळायला नोकरी करावी लागते. हे मी एकदा घरी बोलून दाखवलं तर बाबा म्हणाले, आई जवळची असते, देवालाही आपण 'तू'च म्हणतो. खरं आहे. पण देवाला कुणी उठून पाणी आणायला सांगत नाही.

माझ्या वयाच्या लोकांनी यातून एक पळवाट काढली आहे. आमचा मॅनेजर माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. 'तू' म्हणावं तर आगाऊपणा, 'तुम्ही' म्हणावं तर त्यालाच अवघडल्यासारखं होतं. मग आम्ही दोघं वाक्यातून कर्ताच उडवतो. "जेवण झालं?" "निघायचं का?" "कोथरूडचे सॅम्पल जमा करून झाले?" या पद्धतीने महिनेच्या महिने निघतात. लग्न ठरलेली मुलं-मुली, नवीन सासू-सुना, दहावीनंतर एकदम पंधरा वर्षांनी भेटलेले वर्गमित्र, सगळे असंच बोलताना मी ऐकलंय. जिथे कर्ता उडवताच येत नाही तिथे अख्खं वाक्य इंग्रजीत जातं, कारण तिथे 'यू' म्हटलं की सुटका. तरुण पोरं शाइनिंग मारायला इंग्रजी फाडतात असं मोठ्यांना वाटतं. निम्म्या वेळा तरी आम्ही 'तू' आणि 'तुम्ही'च्या मधून पळ काढत असतो.

माझी रूममेट डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकते. माझी ही रोजची किरकिर ऐकून तिने मला रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांचा 1960 सालचा एक निबंध समजावून सांगितला. फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा युरोपातल्या भाषांमध्येही 'तू' आणि 'तुम्ही' आहेत. हे दोघे म्हणतात, नुसतं 'तू' म्हणजे अपमान आणि 'तुम्ही' म्हणजे मान असा हिशोब करू नका. ते परत काय येतं ते बघा. दोघं एकमेकांना 'तू' म्हणत असतील तर जवळीक, दोघं 'तुम्ही' म्हणत असतील तर अदबीचं अंतर. एकाने 'तू' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'तुम्ही' म्हणायचं, ती सत्ता. पोळी देणाऱ्या टेक्निशियनचं मला इतके दिवस काय खुपत होतं ते या एका वाक्याने कळलं. म्हातारी त्याला "खा रे" म्हणू शकली असती का? नसती. ती त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणत होती.

परत काय येतं, या प्रश्नाचं उत्तर आमच्या गावाला पुस्तकाशिवाय माहीत होतं. महार माणसाने वरच्या जातीच्या माणसासमोर 'जोहार' करायचा, अशी रीत होती. समोरून जोहार येत नसे. 'रामराम' म्हणायचा हक्क नव्हता. आणि हे फक्त अस्पृश्यांपुरतं नव्हतं. पेशवाईत दैवज्ञ सोनार ब्राह्मणांसारखं 'नमस्कार' म्हणायला लागले, ते ब्राह्मणांना खपलं नाही. प्रकरण मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीपर्यंत गेलं आणि 1779 साली कंपनीने सोनारांना 'नमस्कार' म्हणायला बंदी करणारा हुकूम काढला. डॉ. आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या आपल्या 1936 सालच्या पुस्तकात हा दाखला दिला आहे. नमस्कार ही आज आपल्याला सगळ्यात निरुपद्रवी वाटणारी गोष्ट. ती कुणी म्हणायची याचा निर्णय सरकारदरबारी झाला होता.

'जय भीम' हे अभिवादन रुजवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते बाबू हरदास एल. एन. आमच्या कामठीचे. 1904 चा जन्म, 1937 च्या निवडणुकीत ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि 1939 मध्ये क्षयाने गेले, तेव्हा वय जेमतेम पस्तीस. आमच्याकडे असं सांगतात की सलाम-आलेकुमला वालेकुम-सलाम असं उत्तर मिळतं, हे त्यांच्या डोक्यात होतं. म्हणून 'जय भीम'ला 'बल भीम' असं उत्तर द्यावं अशी त्यांची सूचना होती. लोकांनी ती काही उचलली नाही. लोक 'जय भीम'ला 'जय भीम'च म्हणायला लागले. मला लोकांचं बरोबर वाटतं. जे दिलं तेच जसंच्या तसं परत येतं, आणि कुणी आधी म्हणायचं हे वयावर, हुद्द्यावर ठरत नाही. आमच्या गल्लीत शाळेत जाणारं पोरगं रिटायर्ड हेडमास्तरांना 'जय भीम' म्हणतं आणि हेडमास्तर थांबून 'जय भीम' म्हणतात. पुण्यात आल्यावर आषाढी वारीच्या पालखीच्या दिवशी मी तसंच दुसरं काही पाहिलं. रस्त्यात धक्का लागला तरी "माउली, सरका जरा" आणि उत्तर "सरकतो, माउली." पोलीसही माउली, चहावालाही माउली. वारी पुढे गेली की दुसऱ्या दिवशी तोच चहावाला पुन्हा "ए छोटू" होतो, ते वेगळं.

याच्या उलट, अगदी मऊ मराठीत काय काय विचारता येतं हे मला खोली शोधताना कळलं. घरमालक काका अत्यंत सज्जन बोलायचे. "आपण कुठल्या? अच्छा, कामठी. आपलं आडनाव काय म्हणालात?" मी सांगितलं. "नाही, तसं काही नाही हं, आमचं काही नसतं. आमच्याकडे फक्त सोवळं जरा पाळतात, आपल्यालाच अडचण व्हायची." सगळी वाक्यं 'आपण'मध्ये. एकही शब्द वर-खाली नाही. या वाक्यांचा अर्थ महाराष्ट्रात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही, आणि पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचा म्हटलं तर सांगताही येत नाही. ॲट्रॉसिटीचा कायदा जातिवाचक शिवीला पकडतो, 'आपल्यालाच अडचण व्हायची'ला कसा पकडणार?

मग जी खोली मिळाली तिची मालकीण नागपूरकडचीच निघाली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "कावून बे पोट्टी, इतका उशीर कावून केला?" माझ्या पुणेकर रूममेटचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिच्या कानाला हे भांडण होतं. मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण मीही तिला दोन दिवसांत "काकू, काय करून राहिली तू?" म्हणायला लागले आणि ती चिडली नाही. आमची भाषा रांगडी म्हणून ठरवून टाकतात, पण आमच्याकडे 'ये' आणि 'जा'च्या पलीकडे 'येजो', 'जाजो' असतं. "सांभाळून जाजो, पोहोचली की फोन करजो." हुकूम नाही आणि विनंतीही नाही. तू करशीलच असं धरून चाललेली माया आहे ती. ही मऊ शेपटी पुण्याच्या प्रमाणभाषेत नाही.

मग प्रश्न येतो की सगळ्यांनी सगळ्यांना 'तू'च म्हणावं का? स्वीडनने जवळजवळ तसं केलं. 1967 साली तिथल्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी जाहीर केलं की ते सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणजे 'तू' म्हणणार आणि त्यांनीही आपल्याला तेच म्हणावं. थोड्या वर्षांत देशभर तेच रूढ झालं. रूममेटला ही गोष्ट फार आवडते, मला आपल्याकडे ती चालेलसं वाटत नाही. डॉक्टर सफाई कर्मचाऱ्याला आजही 'तू' म्हणतोच. म्हणजे बदलायचं ते फक्त दुसऱ्या बाजूने, आणि ती बाजू तोंड उघडणार नाही. त्यापेक्षा 'तुम्ही' खाली उतरवणं सोपं. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. मी ते करते. वॉचमन, मावशी, डिलिव्हरीची पोरं, सगळ्यांना 'तुम्ही'. पहिल्यांदा लोक गोंधळतात. एका मावशींनी मागे वळून पाहिलं, कोणी आलंय का म्हणून.

शब्द बदलून माणसाची जागा बदलते का, यावर अलीकडे बरंच बोललं जातं आणि माझं मत दर वेळी एकच नसतं. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, त्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. ते मला पटतं, कारण पत्ता हा माणूस पोचायच्या आधी पोचतो. माझ्या ॲपवर पत्ता आला की नाव, वय, मजला, सगळ्याच्या आधी वस्तीचं नाव दिसतं. गावात रस्ता विचारला की लोक अजून जुनंच नाव सांगतात, पण निदान आधार कार्डावर तरी ते नको.

'गंगा भागीरथी'चं मात्र मला हसू आलं होतं. एप्रिल 2023 मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा'ऐवजी हा शब्द वापरण्याचा प्रस्ताव विभागापुढे ठेवला. टीका झाली, मग फक्त चर्चेसाठी होतं असं सांगितलं गेलं. ज्यांना हा शब्द नवा आणि पवित्र वाटला त्यांनी घरातली लग्नपत्रिका काढून बघावी. माझ्या आत्याच्या नावाआधी काका गेल्यापासून 'गं. भा.' छापतात. आधी 'सौ.' होतं, त्याआधी 'कु.'. तिच्या आयुष्यात नवरा आहे की नाही याची बातमी प्रत्येक निमंत्रणाबरोबर गावभर वाटली जाते. तिचे दीर विधुर आहेत. ते लग्नाआधीही 'श्री.', लग्नानंतरही 'श्री.' आणि आजही 'श्री.'. यापेक्षा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड बरं. मे 2022 मध्ये त्या ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. शब्दाला हात लावला नाही, कृतीला लावला. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं.

'दिव्यांग' शब्दाचंही असंच. 2015 च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी तो सुचवला, आता राज्यात त्या नावाचा स्वतंत्र विभाग आहे. अपंग हक्कांच्या चळवळीतल्या काही संघटनांनी तेव्हाच म्हटलं होतं की आम्हाला दैवी काही नको, रॅम्प द्या. मी सॅम्पल जमा करते त्या एका सेंटरवर 'दिव्यांगांना प्राधान्य' अशी सुबक पाटी आहे. सेंटर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. याउलट पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी 1980 साली संप केला आणि पुढे जी संघटना झाली तिचं नाव ठेवलं पुणे शहर मोलकरीण संघटना. 2008 च्या कायद्यात त्याच बायका 'घरेलू कामगार' झाल्या. सुशिक्षित माणूस 'मोलकरीण' म्हणायला आता कचरतो, 'मेड' म्हणतो आणि सुट्टीचे पैसे कापतो. त्या बायकांना शब्दाची लाज नव्हती. त्यांना पगार आणि रजा हवी होती.

'तुम्ही'चा आणखी एक उपयोग आहे, तो मला कामातच सापडला. 'तू आलास' की 'तू आलीस' हे मराठीत ठरवावंच लागतं. 'तुम्ही आलात' म्हटलं की ठरवावं लागत नाही. तू राहतोस, तू राहतेस, पण तुम्ही राहता. तुम्ही जेवलात का, तुम्ही औषध घेता का, तुम्ही बसा. पुरुष की बाई, क्रियापदाला पत्ता नाही. आपल्या भाषेत जिथे खुर्चीलाही लिंग आहे तिथे ही एवढी मोकळी जागा कशी उरली, देव जाणे. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2014 मध्ये नाल्सा खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःचं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. त्या हक्काचं पुढे काय झालं ते मोठे लोक लिहितील. पण दारात उभं राहून पहिलं वाक्य बोलायला 'तुम्ही' पुरतं.

फॉर्मला मात्र पुरत नाही. गेल्या पावसाळ्यात एका घरी सीबीसी आणि थायरॉइडसाठी गेले होते. बुकिंग करताना कुणीतरी 'एम' टाकलेलं, समोर साडीतली व्यक्ती. आमच्या सॉफ्टवेअरला पुरुष की बाई हे कळावंच लागतं, कारण हिमोग्लोबिनची नॉर्मल रेंज पुरुषांना साधारण 13 ते 17 आणि बायकांना 12 ते 15 अशी छापली जाते. 'इतर' निवडलं तर रेंजचा रकाना कोरा. मी विचारलं, "रिपोर्टवर काय लिहू?" उत्तर आलं, "डॉक्टरांना उपयोगी पडेल ते लिहा. हाक मारताना तेवढं माझं नाव घ्या." मग मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, हार्मोन्स चालू आहेत का आणि कधीपासून, ते विचारून शेऱ्यात लिही, रेंज मी बघते. विचारलं. त्यांनी पर्समधून प्रिस्क्रिप्शन काढून पुढे धरलं, मी फोटो घेतला आणि बारकोड चिकटवला.